साडेएकवीस इंची एलसीडी व्हिजन चार्ट: अक्षरांत पास, कॉन्ट्रास्टच्या पानात नापास

जळगाव, धुळे, भुसावळ, शहादा, चाळीसगाव, कुठल्याही गावातल्या चष्म्याच्या दुकानात भिंतीवरचा उजेडाचा डबा, म्हणजे व्हिजन ड्रम, आता उतरत चालला आहे आणि त्याच्या जागी रिमोटवर चालणारा एलसीडी चार्ट बसतो आहे. साडेएकवीस इंची फुल एचडी पडदा, मागे छोटा कॉम्प्युटर, हातात रिमोट. मेनूत इंग्रजी अक्षरं, देवनागरी अक्षरं, ई, तुटकी गोल सी, लहान मुलांसाठी चित्रं, लाल-हिरवं पान आणि शेवटी ‘कॉन्ट्रास्ट’ नावाचं, म्हणजे किती फिकं अक्षर दिसतं ते बघायचं, एक पान. नावं वेगवेगळी असतात, पण या आकाराच्या चार्टांचे गुणदोष बहुतेक सारखेच असतात, म्हणून हा आढावा एका कंपनीचा नाही, या जातीच्या चार्टचा आहे.

निकाल आधीच सांगतो. अंतर नीट मोजून बसवला तर नंबर काढायला हा ड्रमपेक्षा नक्की सरस. कॉन्ट्रास्टचं पान मात्र जे मोजायचं म्हणतं, ते या पडद्यावर सहसा मोजता येत नाही.

६/६ म्हणजे काय, ते मिलिमीटरमध्ये बघू. वरचा आकडा तपासणीच्या अंतराचा, मीटरमध्ये; खालचा, साधारण डोळा तेच अक्षर जितक्या मीटरवरून वाचतो त्याचा. हर्मन स्नेलन यांनी १८६२ साली नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला आपला तक्ता काढला, तेव्हापासून हिशोब तोच आहे. एका अंशाचे ६० भाग केले की एक कला. ६/६ च्या अक्षराची उंची डोळ्याशी ५ कला भरते आणि त्याच्या रेघेची जाडी १ कला. ६ मीटरवरून बघायचं तर उंची ८.७ मिमी आणि रेघ पावणेदोन मिमी. ही १ कला कुणी हवेतून काढलेली नाही. डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या खळग्यात उजेड टिपणाऱ्या शंकू पेशी चौरस मिलिमीटरला दोन लाखांच्या आसपास दाटीने असतात आणि शेजारच्या दोन शंकूंमधलं अंतर साधारण अर्ध्या कलेचं असतं. काळी रेघ आणि तिच्या शेजारची पांढरी फट वेगळ्या दिसायच्या तर दोघींच्या वाट्याला निदान एकेक शंकू यायला हवा. म्हणजे पेशींच्या हिशोबाने एका अंशात ६० काळ्या-पांढऱ्या जोड्या, ही वरची हद्द. ६/६ ची ओळ एका अंशात ३० जोड्यांपाशीच थांबते. म्हणून निरोगी तरुण डोळा ६/५, ६/४ सुद्धा वाचतो, आणि ‘६/६ आलं, झालं’ म्हणून तिथेच काच पक्की केली तर पाव नंबर सहज राहून जातो. एलसीडी चार्टमध्ये ६/५ आणि ६/४ च्या ओळी असतात. त्या वाचून घ्या.

आता बसवणं. जास्तीत जास्त घोळ इथेच होतो.

आपल्याकडच्या दुकानातली तपासणीची खोली दहा फुटी, फार तर बारा फुटी. तेव्हा चार्ट पेशंटच्या डोक्यामागच्या भिंतीवर आणि समोर आरसा, ही जुनी रीत एलसीडीलाही चालते. मेनूत ‘मिरर’ चालू केलं की अक्षरं उलटी होतात आणि आरशात सरळ दिसतात. अंतर मोजताना डोळ्यापासून आरसा आणि आरशापासून पडदा अशी बेरीज करायची. खोलीची लांबी दुप्पट करायची नाही, कारण खुर्ची भिंतीला चिकटलेली नसते. डोळ्यापासून आरसा २.७ मीटर आणि आरशापासून पडदा ३ मीटर असेल तर सेटिंगमध्ये ५.७ टाकायचं, ६ नाही. टाकल्यावर पट्टी घेऊन ६/६० चं अक्षर मोजा. मीटरमधलं अंतर गुणिले १४.५, तितके मिलिमीटर उंची भरली पाहिजे: ६ मीटरला ८७, ५.७ ला ८३, ३ मीटरला साडेत्रेचाळीस. मोठंच अक्षर मोजायचं, कारण पट्टी वाचताना अर्धा मिलिमीटर चुकला तरी तिथे फरक पडत नाही. उंचीत ५ टक्के फरक निघाला तर साधारण एका अक्षराची चूक, १० टक्के निघाला तर अर्ध्या ओळीची. आणि मापं लिहून ठेवली तरी खुर्ची सरकते. फरशीवर खुर्चीच्या पायांना रंगाची खूण करून टाका.

आरसा घरगुती नको. साध्या आरशात मुलामा मागच्या बाजूला असतो, त्यामुळे काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरून एक फिकी दुसरी प्रतिमा येते आणि बारीक अक्षराला सावली लागते. पुढच्या बाजूने मुलामा दिलेला आरसा महाग पडतो आणि जपावा लागतो. तो परवडत नसेल तर निदान पातळ काचेचा, डाग नसलेला घ्या.

आरशाचा त्रास नको म्हणून चार्ट थेट समोर ३ मीटरवर लावतात, तिथे दोन गोष्टी घडतात. पहिली नंबराची. ३ मीटरवरची वस्तू स्पष्ट दिसावी असा नंबर काढला की तो दूरच्या क्षितिजासाठी ०.३३ ने प्लसकडे झुकलेला असतो. दुकानात सगळं छान दिसतं आणि रात्री सुरत-नागपूर महामार्गावर गाडी घेतली की पाट्या उशिरा वाचता येतात. म्हणून ३ मीटरवर थेट काढलेल्या दूरच्या नंबरात शेवटी मायनस ०.२५ मिळवायचा आणि पेशंटला दाराबाहेर नेऊन लांबची पाटी दाखवून खात्री करायची. दुसरी गोष्ट ठिपक्यांची. साडेएकवीस इंची फुल एचडी पडद्याचा एक ठिपका पाव मिलिमीटरचा. ६ मीटरवर ६/६ च्या रेघेला ७ ठिपके मिळतात, रेघ काटेकोर उमटते. ३ मीटरवर तीच रेघ साडेतीन ठिपक्यांची. अर्धा ठिपका नसतोच. मग सॉफ्टवेअर एका बाजूला ३ ठिपके देतं, दुसऱ्या बाजूला ४, किंवा कड करड्या रंगाने पुसट करतं. ई ची एक दांडी जाड, एक बारीक दिसते आणि डोळ्याचा दोष नसताना उत्तर चुकतं. आता हेच ३२ इंची एचडी रेडी टीव्हीवर करून बघा. त्याचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरहून मोठा, ३ मीटरवर ६/६ च्या रेघेला मिळतात पावणेदोन ठिपके. हा चार्ट राहिलाच नाही. स्वस्तात मिळतो म्हणून टीव्हीला पेन ड्राइव्ह लावून केलेली व्यवस्था घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. टीव्हीची आणखी एक खोड म्हणजे ओव्हरस्कॅन: चित्र चारी बाजूंनी थोडं फुगवून कडा कापतो, त्यामुळे अक्षरं मोठी होतात. शिवाय ‘शार्पनेस’ वाढवलेला असेल तर अक्षराभोवती पांढरी झालर उमटते आणि सगळ्यांना एक ओळ जास्त दिसते. मॉनिटरवरही शार्पनेस, इको मोड आणि आपोआप बदलणारा उजेड ही तीन बटणं बंदच हवीत.

उजेडाचं माप चौरस मीटरला ८० ते ३२० कँडेला. फोनमधलं लक्स मोजणारं अ‍ॅप अंदाजापुरतं चालतं: पूर्ण पांढरं पान लावून फोनचा सेन्सर पडद्याजवळ, त्याच्याकडे तोंड करून धरा. ६०० लक्सच्या आसपास आकडा आला तर उजेड २०० कँडेलाच्या घरात आहे. सकाळी दुकान उघडल्यावर वीस-पंचवीस मिनिटं पडदा चालू राहू द्या, तोवर उजेड स्थिर होत नाही. या बाबतीत ड्रमशी तुलना केली तर एलसीडी जिंकतो. ड्रमची ट्यूब मंदावते, पांढरं अ‍ॅक्रिलिक पिवळं पडतं, आणि ते इतक्या हळू होतं की रोज बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

देवनागरीच्या पानाविषयी तक्रार आहे. इंग्रजी तक्त्यातली स्लोन अक्षरं मुद्दाम पाच बाय पाचच्या चौकटीत आखलेली आहेत, रेघ उंचीच्या पाचव्या भागाइतकी. देवनागरीचं पान मात्र बहुधा कॉम्प्युटरमधला तयार फॉन्ट लहानमोठा करून बनवलेलं असतं. शिरोरेषा सगळ्यांना सारखी, ती काहीच सांगत नाही. ‘ग’ दुरूनही ओळखू येतो. ‘ब’ आणि ‘व’ यांच्यात एका तिरक्या रेघेचा फरक, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यात डावीकडच्या जेमतेम एका वळणाचा, ‘घ’ आणि ‘ध’ तसेच. त्यामुळे एकाच ओळीतलं एक अक्षर ६/६ चं काम करतं आणि दुसरं ६/४ चं. सुरुवातीला पेशंटची भीड मोडायला हे पान ठीक, नंबर पक्का करायला ई वापरा.

ई विचारायची पण रीत आहे. “आप्पा, दांड्या कोणीकडे आहेत? बोटांनी दाखवा,” एवढंच. ‘वर का खाली’ असे पर्याय तोंडात देऊ नका, नाहीतर चारातला अंदाज दोनावर येतो. आणि चुकलेली उत्तरं नुसती मोजू नका, कोणत्या दिशेची चुकली तेही बघा. डावी-उजवी सगळी चुकली आणि वर-खाली सगळी बरोबर आली, किंवा याच्या उलट, तर तो सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेचा नंबर, राहिल्याचा किंवा त्याचा अ‍ॅक्सिस, म्हणजे कोन, हललेला असल्याचा इशारा आहे. अ‍ॅक्सिस १० अंशांनी चुकला की सिलिंडरच्या ३५ टक्के दोष तसाच राहतो. दोनचा सिलिंडर असेल तर ०.७ नंबर तिथेच अडकला. ऑटोरिफ्रॅक्टोमीटरची चिठ्ठी, म्हणजे ज्याला सगळे ‘कॉम्प्युटरवर तपासलं’ म्हणतात, ती फक्त सुरुवात आहे. जवळच्या यंत्रात डोकावताना तरुण डोळा आपोआप ताण घेतो आणि मायनस जास्त दाखवतो. लहान मुलांत तर बाहुली मोठी करणारे थेंब घातल्याशिवाय त्या आकड्यावर विसंबूच नये.

एलसीडीचा खरा फायदा अक्षरं बदलण्याचा आहे. भुसावळ रेल्वेचं गाव. असिस्टंट लोको पायलटच्या तयारीतली मुलं डोळ्यांच्या चाचणीच्या धास्तीने आधी बाहेर तपासून घेतात. त्या पदाला ए-१ श्रेणी लागते: चष्म्याशिवाय दोन्ही डोळे ६/६, आणि सोबत फॉगिंगची चाचणी, म्हणजे डोळ्यापुढे प्लस २ ची काच धरली तर नजर धूसर झाली पाहिजे. ती काच लावूनही ६/६ वाचता आलं तर लपलेला प्लस नंबर आहे, आणि तो चालत नाही. छापील तक्त्यावर हे तपासताना दुसऱ्या डोळ्याच्या वेळी ओळ पाठ झालेली असते. रिमोटचं ‘रँडम’ बटण दाबलं की पाठांतराचा प्रश्न मिटतो. प्रत्येक डोळ्याला, प्रत्येक काचेला नवी ओळ द्या.

त्याच रिमोटवर एकच अक्षर दाखवायची सोय आहे आणि ती जपून वापरायची. आळशी डोळ्याला सुटं अक्षर सहज दिसतं, ओळीतलं दिसत नाही, कारण शेजारची अक्षरं त्याला अडवतात. मुलाला सुट्या अक्षरांवर ६/९ दिलं आणि ओळीत तेच ६/१८ निघालं, तर उपचाराचं वय हातातून जातं. सुटं अक्षर दाखवायचंच असेल तर त्याच्या चारी बाजूंना रेघा येण्याची सोय मेनूत असते, ती चालू ठेवा.

आता कॉन्ट्रास्ट.

अक्षरांचा तक्ता गडद काळं पांढऱ्यावर दाखवून ‘किती बारीक’ एवढंच विचारतो. रस्ता आणि शेत ‘किती फिकं’ हेही विचारतात. कॅम्पबेल आणि रॉबसन यांनी १९६८ मध्ये पट्ट्यांच्या नक्षीवर जे काम केलं, त्यातून हे ठसलं की नजर म्हणजे एकच चाळणी नाही. जाड नक्षीसाठी, मध्यम नक्षीसाठी, बारीक नक्षीसाठी मेंदूत वेगवेगळे मार्ग आहेत आणि एक शाबूत असताना दुसरा बिघडू शकतो. डोळा सर्वांत तरबेज असतो तो एका अंशात २ ते ५ जोड्यांपाशी. तिथे एक टक्क्याहून कमी फरकही दिसतो. बारीक टोकाला, ६० जोड्यांच्या जवळ, शंभर टक्के काळं-पांढरं असूनही काही दिसत नाही. अंधारात २०० मीटरवर रस्त्याकडेने चाललेला, मळकट कपड्यांतला माणूस डोळ्याशी रुंदीने अंशाच्या सातव्या भागाएवढा असतो. म्हणजे तो एका अंशात साडेतीन जोड्यांचा मामला, आणि फरक अगदी फिका. ६/६ ची ओळ त्याच्याबद्दल काहीच सांगत नाही.

समोरून हाय बीम आला की काय होतं? समजा माणसाचा उजळपणा १० आणि मागच्या रस्त्याचा ५. कॉन्ट्रास्ट, म्हणजे फरक भागिले बेरीज, ३३ टक्के. मोतीबिंदू धरू लागलेल्या भिंगात प्रकाश विखुरतो आणि सगळ्या चित्रावर २० चा धुरकट थर चढतो. आता ३० आणि २५, कॉन्ट्रास्ट ९ टक्के. याच पेशंटला दिवसा चार्टपुढे बसवलं तर ६/९ वाचतो आणि ‘नंबर ठीक आहे’ म्हणून परत जातो. चरे पडलेल्या काचाही असाच थर चढवतात. उन्हाळ्यात धुळीने भरलेला चष्मा कोरडाच उपरण्याने पुसायची सवय त्याला हातभार लावते. आधी पाण्याखाली धरा, मग पुसा. बिनकोटिंगच्या साध्या प्लॅस्टिकच्या काचेवर दोन्ही पृष्ठभाग मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परत फिरतो, १.६७ च्या पातळ काचेवर १२ टक्क्यांपर्यंत. म्हणून पातळ काच घेतली तर अँटिग्लेअर ही चैन नसते.

हे सगळं मोजायला पेली-रॉबसनचा तक्ता आहे, १९८८ चा. सगळी अक्षरं एकाच मापाची, सुमारे ५ सेंटिमीटर, १ मीटरवरून वाचायची. तीन-तीनचे १६ गट, प्रत्येक गट मागच्यापेक्षा ०.१५ लॉग फिका, म्हणजे फरक साधारण ३० टक्क्यांनी कमी. २.० गुण म्हणजे एक टक्का फरक दिसतो, १.५ म्हणजे सुमारे तीन टक्के, १.० म्हणजे दहा टक्के. दीडच्या खाली गुण आले तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा.

एलसीडी चार्टचं पान हेच नाव लावून पडद्यावर तेच दाखवायला जातं आणि अडतं. साध्या पडद्याला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या. पांढरा २५५ वर. अक्षर एक पायरी खाली, २५४ वर ठेवलं की पडद्याच्या नेहमीच्या २.२ गॅमाने (पायरीवरून उजेड किती पडतो ते ठरवणारा आकडा) फरक भरतो ०.८६ टक्के, म्हणजे २.०७ गुण. दोन पायऱ्या खाली गेलं की १.७ टक्के, १.७६ गुण. तीन पायऱ्यांना १.५९. मध्ये काही नाही. निरोगी आणि बिघडू लागलेल्या डोळ्यातला फरक नेमका १.५ ते २.० च्या टप्प्यात असतो आणि तिथे पडद्याजवळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच छटा आहेत. ०.१५ च्या सारख्या पायऱ्या तो देऊच शकत नाही. काही पॅनेल मुळात ६४ पायऱ्यांचे असतात, मधल्या छटा लुकलुकवून भासवतात. शिवाय टीएन नावाच्या स्वस्त जातीच्या पॅनेलकडे खालून बघितलं की छटा बदलतात, म्हणजे उंच माणसाचे गुण वेगळे आणि बुटक्याचे वेगळे. काही चार्टांत ठिपक्यांची विणकाम पद्धत वापरून मधल्या छटा नीट बनवलेल्या असतात. विक्रेत्याला विचारा, आणि उत्तर गोलमाल आलं तर ते पान नाही असंच समजा.

तेव्हा आमची शिफारस अशी. एलसीडी घ्या अक्षरांसाठी आणि कॉन्ट्रास्टसाठी छापील तक्ता वेगळा टांगा. त्यावर उजेड सगळीकडे सारखा पडला पाहिजे, वरच्या कोपऱ्यात ट्यूबची चमक नको, दाराच्या काचेतून येणारं ऊन नको. वापर झाला की झाकण. अक्षरावर बोट ठेवून दाखवायचं नाही, पट्टीने दाखवायचं, कारण घामाचा एक डाग फिक्या गटाचं माप कायमचं बिघडवतो, आणि मे महिन्यात इथे बोटं कोरडी नसतात. चाळिशीपुढच्यांना १ मीटरसाठी प्लस ०.७५ द्या. ‘दिसत नाही’ म्हटलं तरी लगेच थांबू नका. फिकं अक्षर वर यायला डोळ्याला वेळ लागतो, वीस सेकंद बघू द्या. सी ला ओ म्हटलं तर बरोबर धरा. तिनातली दोन बरोबर आली तो शेवटचा गट, तोच गुण. आधी एकेक डोळा, मग दोन्ही मिळून.

घेताना चार गोष्टी दुकानदारासमोरच करून बघा. ६/६० ला पट्टी लावा. सेटिंगमध्ये ३ मीटर टाकून ६/६ ची ई चारही दिशांना फिरवून, भिंग घेऊन दांड्या जवळून बघा. तिन्ही दांड्या आणि दोन्ही फटी सारख्याच जाड हव्यात. अंतर ५.७ सारखं दशांशात टाकता येतं का ते बघा, काहींत फक्त ३, ४, ५, ६ असतं. आणि वीज घालवून परत आणा. इन्व्हर्टरवर जाताना पडदा बंद पडून चालू झाल्यावर टाकलेलं अंतर आणि मिरर सेटिंग पुसलं जात असेल तर तो चार्ट घेऊ नका, कारण लोडशेडिंगनंतर ते पुन्हा तपासायचं भान गर्दीच्या दुकानात कुणालाच राहत नाही.